न गंजणारा वस्तरा : जुना माल ऑनलाइन घेताना स्टेनलेस कसा ओळखावा

गेल्या दिवाळीत आमच्या मंडळाने बेळगावात घरगुती जुन्या वस्तूंचे छोटेसे प्रदर्शन भरवले होते. त्यात मी माझ्या आजोबांची धोकटी ठेवली होती. आजोबा कॅम्प भागात न्हाव्याचे काम करायचे. धोकटीत कातर, फणी, पितळी वाटी, दोन निसणे आणि चामड्याचा पट्टा एवढे सगळे शाबूत आहे. नाही तो फक्त वस्तरा. तो कधीतरी एका नातेवाइकाकडे गेला आणि परत आलाच नाही. वस्तऱ्याशिवाय धोकटी काय दाखवायची, म्हणून मी जुन्या वस्तू विकणाऱ्या एका संकेतस्थळावरून एक वस्तरा मागवला. जाहिरातीत लिहिले होते, ‘जर्मन, स्टेनलेस स्टील, १८९० सालचा’. मी तेच जसेच्या तसे चिठ्ठीवर उतरवले आणि वस्तऱ्याखाली ठेवले.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शन बघायला एक वयस्कर गृहस्थ आले. त्यांनीही पन्नासेक वर्षे हाच धंदा केलेला. सगळे त्यांना तात्या म्हणतात. त्यांनी चिठ्ठी वाचली, चष्मा वर केला आणि मला हाक मारली.

“तू लिहिलास काय हे?”

“होय तात्या.”

“अठराशे नव्वदला स्टेनलेस कुठलं आलं रे? आणि हे बघ की, पाठीवरचं निकल गेलंय. आत साधं लोखंड दिसालंय.”

मी वस्तरा उजेडात धरला. खरेच, पाठीच्या कडेने एक बारीक पट्टी वेगळ्या रंगाची होती. तोवर पुष्कळ लोकांनी त्या चिठ्ठीचे फोटो काढून पाठवले होते. माझी चूक माझ्या आधी गावभर पोहोचली होती. तिची दुरुस्ती करणे मला भाग आहे, म्हणून हा लेख. वाचकांपैकी अनेक जण अशा वस्तू ऑनलाइन घेतात. त्यांचे पैसे वाचावेत, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे घराघरांतल्या संग्रहांत चुकीच्या नोंदी शिरू नयेत.

मला स्टेनलेसच का हवा होता

वडिलांना आजोबांचा वस्तरा नीट आठवतो. बेळगावचा पावसाळा सगळ्यांना ठाऊक आहे. चार महिने हवा ओली, भिंतींना बुरशी, कातरीला गंज. आजोबा संध्याकाळी सगळ्या हत्यारांना तेलाचा हात फिरवून ठेवायचे, पण एक वस्तरा मात्र नुसता पुसून ठेवत. “तो गंजत नव्हता,” असे वडील सांगतात. शिवाय, “त्याच्यावर दोन पोरं हातात हात घालून उभी असल्यासारखं चित्र होतं.” जोडीचे हे चित्र म्हणजे झोलिंगेनच्या हेंकेल्स कारखान्याची खूण असावी असा माझा अंदाज. ही खूण १७३१ साली नोंदवली गेली आणि आजही त्यांच्या मालावर असते. म्हणजे मला शोधायचा होता न गंजणारा जर्मन वस्तरा. पुरावा म्हणावा तर फक्त वडिलांची आठवण, पण ती दोन बाजूंनी एकाच दिशेला बोट दाखवत होती. मी घाई केली आणि पहिला ‘जर्मन स्टेनलेस’ दिसला तो घेऊन मोकळा झालो.

आधी साल बघा

खोटी जाहिरात पकडायला सर्वांत सोपे साधन म्हणजे इतिहास. इंग्लंडातल्या शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली हा धातुतज्ज्ञ बंदुकीच्या नळ्यांची झीज कमी करण्यासाठी क्रोमियम मिसळलेल्या पोलादाचे प्रयोग करत होता. १३ ऑगस्ट १९१३ रोजी त्याने ओतलेल्या पोलादात सुमारे १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन होता. नमुना सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी त्यावर आम्ल लावावे लागते. हे पोलाद त्या आम्लाला दादच देईना. व्हिनेगर आणि लिंबाच्या रसालाही ते बधेना. सुरीकाट्यांना हे चांगले, हे ब्रिअर्लीच्या लक्षात आले. शेफील्डच्या मोझ्ली यांच्या कारखान्यात त्याच्या सुऱ्या घडवल्या गेल्या आणि ‘स्टेनलेस’ हे नाव तिथेच रूढ झाले. जर्मनीत क्रुप कंपनीतही त्याच सुमारास, १९१२ मध्ये, अशा पोलादांची पेटंटे घेतली गेली होती.

लगेच पहिले महायुद्ध लागले. क्रोमियमचे पोलाद विमानांच्या इंजिनांच्या भागांसाठी वळवले गेले आणि सुऱ्यांचा धंदा थांबला. म्हणून न गंजणारा वस्तरा हा व्यवहारात पहिल्या महायुद्धानंतरचाच माल समजावा. हेंकेल्सने आपले ‘फ्रिओडूर’ हे अति थंड करून कठीण केलेले स्टेनलेस पोलाद १९३९ साली आणले.

यातून एक नियम निघतो. जाहिरातीत ‘स्टेनलेस’ आणि ‘१८९०’, ‘व्हिक्टोरियन’ किंवा ‘दीडशे वर्षे जुना’ हे शब्द एकत्र आले, तर दोहोंपैकी एक गोष्ट नक्की खोटी. दोन्ही खोट्या असू शकतात. टँगवर, म्हणजे पात्याच्या मागच्या जाड भागावर, मुकुट आणि ‘व्ही आर’ ही राणी व्हिक्टोरियाची अक्षरे असतील तर तो वस्तरा १९०१ पूर्वीचा धरतात. तो स्टेनलेस असणे शक्य नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. स्टेनलेस पोलाद सुधारत गेले त्याच काळात जिलेटचे सेफ्टी रेझर घरोघर पोहोचले. त्याचे पेटंट १९०४ चे. लोक घरीच दाढी करू लागले आणि लांब पात्याच्या वस्तऱ्याची मागणी घटली. त्यामुळे अस्सल स्टेनलेस वस्तरे कार्बन पोलादाच्या वस्तऱ्यांच्या मानाने कमीच बनले. ऑनलाइन जागोजागी ‘स्टेनलेस’ दिसते, ते त्यामुळेच संशयास्पद आहे.

विक्रेता ‘स्टेनलेस’ का लिहितो

दर वेळी फसवणूकच असते असे नाही. संकेतस्थळावर वस्तू चढवताना ‘कशापासून बनवली’ या रकान्यात तयार यादीतून एक शब्द निवडावा लागतो. भंगारातून किंवा जुन्या वाड्यातून माल आणणाऱ्या माणसाला चकाकणारे पाते दिसते आणि तो ‘स्टेनलेस स्टील’ निवडून पुढे जातो. त्याच्या दृष्टीने चकाकते ते स्टेनलेस.

दुसरा प्रकार नव्या मालाचा. आपल्या सलूनमध्ये आता अर्धे ब्लेड घालायचा वस्तरा असतो. एड्सची भीती पसरल्यावर जुना वस्तरा मागे पडला आणि हा आला. त्याचा सांगाडा स्टेनलेसचा असतो, पण त्याला स्वतःची धार नसते. तोही ‘स्ट्रेट रेझर, स्टेनलेस’ म्हणूनच विकला जातो. ओळखायला सोपे आहे. पात्याच्या जागी खाच किंवा सरकती पट्टी दिसते. फोटोत मिटलेलाच वस्तरा दाखवला असेल, तर उघडून दाखवायला सांगा.

टँगवर काय लिहिले आहे

स्टेनलेस पोलाद त्या काळी नवलाईचे आणि महागाचे होते. ते वापरणारा कारखानदार ती गोष्ट लपवणे शक्यच नव्हते. तो ती टँगवर ठोकायचा किंवा पात्यावर आम्लाने कोरायचा. म्हणून माझा आता सरळ नियम आहे : शिक्का नसेल तर कार्बन पोलाद समजायचे, विक्रेता काहीही म्हणो.

शिक्क्यात हे शब्द शोधा. इंग्रजी मालावर ‘स्टेनलेस’, क्वचित ‘रस्टलेस’. जर्मन मालावर ‘रोस्टफ्राय’ किंवा ‘निष्टरोस्टेंड’. दोन्हींचा अर्थ न गंजणारे. फ्रेंच मालावर ‘इनॉक्सिडाब्ल’ आणि त्याचेच आखूड रूप ‘इनॉक्स’. हे आखूड रूप निर्यातीच्या जर्मन मालावरही सर्रास सापडते. स्पॅनिश मालावर ‘इनॉक्सिडाब्ले’, इटालियनवर ‘इनॉसिदाबिले’, स्वीडिशवर ‘रोस्टफ्री’. हेंकेल्सच्या मालावर ‘फ्रिओडूर’.

शिक्का बहुधा टँगच्या एका बाजूला कारखान्याच्या नावाचा आणि दुसऱ्या बाजूला पोलादाचा असतो. विक्रेते नाव असलेल्या बाजूचाच फोटो टाकतात. म्हणून दोन्ही बाजूंचे जवळून काढलेले फोटो मागा. लाजू नका, प्रामाणिक विक्रेता देतो. डबीवर ‘स्टेनलेस’ छापले आहे एवढ्यावरही विसंबू नका. डबी एकाची आणि वस्तरा दुसऱ्याचा, हे जुन्या बाजारात नेहमीचेच.

हे शब्द चकवतात

काही शब्द स्टेनलेससारखे वाटतात, पण त्यांचा गंजाशी संबंध नाही.

‘सिल्व्हर स्टील’ म्हणजे चांदीसारखे न गंजणारे असे नव्हे. मायकेल फॅरडे आणि स्टोडार्ट यांनी १८२० च्या आसपास पोलादात चांदी व इतर धातू मिसळण्याचे प्रयोग केले. त्यानंतर शेफील्डच्या कारखानदारांनी हे नाव मिरवायला घेतले. वस्तरा कार्बनचाच.

‘कास्ट स्टील’ म्हणजे मुशीत वितळवून ओतलेले पोलाद. ही पद्धत शेफील्डच्या हंट्समनने १७४० च्या दशकात बसवली. तेही कार्बनचेच.

‘झोलिंगेन’ हे पोलादाचे नाव नाही, जर्मनीतल्या गावाचे आहे. १९३८ पासून त्या नावाला कायद्याचे संरक्षण आहे. झोलिंगेनला कार्बनचेही वस्तरे बनले आणि स्टेनलेसचेही.

‘डी. आर. जी. एम.’ ही अक्षरे जर्मन सरकारकडे रचनेची नोंद केल्याची खूण आहे. अशी नोंदणी १८९१ पासून सुरू झाली. मुठीतली किंवा बिजागरीतली एखादी युक्ती नोंदवली असेल, पोलाद नव्हे.

‘मॅग्नेटिक’, ‘एक्स्ट्रा हॉलो ग्राउंड’, ‘फॉर बार्बर्स यूज’ हे सगळे गुण सांगणारे किंवा घडण सांगणारे शब्द. ‘हॉलो ग्राउंड’ म्हणजे पात्याच्या दोन्ही बाजू आतून खोलगट घासलेल्या.

‘वेस्ट जर्मनी’ हा शिक्का मात्र उपयोगी आहे. तो १९४९ ते १९९० या काळातला. त्यावरून पोलाद कळत नाही, पण काळ कळतो, आणि त्या काळात स्टेनलेस असणे शक्य होते एवढे नक्की.

फोटोत पाते कसे वाचावे

शिक्का झिजला असेल, तर पात्याकडे वळावे.

पहिली जागा पाठ. वस्तरा निसण्यावर पाजवताना पाठ आणि धार एकाच वेळी दगडाला टेकतात. त्यामुळे पाठीवर एक सपाट पट्टी झिजते. पूर्ण पाते एकाच पोलादाचे असेल, तर त्या पट्टीचा रंग बाकीच्या पात्याशी जुळतो. निकल किंवा क्रोमचा मुलामा असेल, तर पट्टीत आणि धारेलगत मुलामा गेलेला असतो. तिथे आतले पोलाद करडे आणि बाकीचे पाते थोडे पिवळसर किंवा निळसर चकाकते. तात्यांनी माझ्या वस्तऱ्यात हेच पाहिले होते. मुलामा कुठे पापुद्र्यासारखा सुटला असेल, तर शंकाच नको.

दुसरी जागा खिळा. मूठ आणि पाते जिथे जोडलेले असतात, तिथे पाणी साचते आणि पुसताना फडके पोहोचत नाही. कार्बनच्या वस्तऱ्यात तिथे तांबूस गंज किंवा काळे खड्डे हमखास असतात. पाते लख्ख आणि खिळ्याजवळ गंज, असे दिसले तर कुणीतरी पाते घासून चकाकवले आहे.

तिसरी गोष्ट डाग. जुन्या कार्बन पोलादावर करडी, निळसर झाक चढते. स्टेनलेसवर ती चढत नाही. पण स्टेनलेस अजिबात गंजत नाही हाही गैरसमज आहे. खारी हवा, ओले चामडे यांनी त्यालाही बारीक टिपके पडतात. म्हणून दोन-चार टिपके दिसले म्हणजे ते स्टेनलेस नाही, असे लगेच ठरवू नये.

चौथी गोष्ट कडा. चाकावर जास्त घासलेल्या पात्यावर शिक्क्यातली अक्षरे बुजतात आणि टँगच्या कडा गोलावतात. असा वस्तरा कितीही चमकला तरी त्याची ओळख पुसली गेलेली असते. संग्रहासाठी त्यापेक्षा डागाळलेला पण शिक्का स्पष्ट असलेला वस्तरा बरा.

मुठीवरून काय कळते

स्टेनलेसच्या काळातल्या मुठी बहुधा सेल्युलॉइडच्या किंवा नंतरच्या प्लास्टिकच्या असतात. ‘हस्तिदंती मूठ, स्टेनलेस पाते’ असे कुणी म्हटले, तर बहुतेक मूठ बदललेली आहे किंवा वर्णन चुकीचे आहे. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये आपल्याकडे हस्तिदंताच्या व्यापाराला बंदी आहे. हस्तिदंत म्हणून विकली जाणारी वस्तू घेऊच नये.

सेल्युलॉइडबद्दल एक सावधगिरी. जुने झाल्यावर ते कुजू लागते आणि त्यातून नायट्रिक आम्लासारखी वाफ सुटते. मूठ धुरकट, तडकलेली किंवा चिकट दिसली आणि पात्यावर नेमका मुठीच्या सावलीएवढा गंज असला, तर तो वस्तरा घेऊ नका. घरी असेल तर तो बाकीच्या हत्यारांपासून वेगळा ठेवा. बंद डबीत ठेवाल तर शेजारचेही गंजतील. सेल्युलॉइड पटकन पेटते, हेही विसरू नका.

वस्तरा हाती आल्यावर

पहिला प्रश्न सगळे विचारतात : चुंबक लावून बघायचे काय? नाही. इथे चुंबक निरुपयोगी आहे. आपल्या स्वयंपाकघरातल्या पुष्कळशा स्टीलच्या ताटवाट्यांना चुंबक चिकटत नाही, म्हणून आपल्याला वाटते की स्टेनलेसला चिकटतच नाही. पण धार धरायची तर पोलाद कठीण करावे लागते, आणि कठीण होणाऱ्या जातीच्या स्टेनलेसला चुंबक चांगले चिकटते. कार्बनलाही चिकटते. दोघांत फरक होत नाही.

मोरचुदाच्या पाण्याची चाचणीही काही जण सुचवतात. लोखंडावर तांबे चढते, स्टेनलेसवर नाही, असा तिचा आधार. पण कठीण केलेल्या स्टेनलेसवरही ती चुकीचा निकाल देऊ शकते. मी ती करत नाही.

उरते ते ब्रिअर्लीचे लिंबू. टँगच्या आतल्या बाजूला, जी मिटल्यावर मुठीत लपते, आधी तेल पुसून लिंबाच्या रसाचा एक लहान थेंब ठेवा. दहा मिनिटांनी पुसा. कार्बन पोलाद असेल तर तिथे करडा डाग दिसतो. स्टेनलेस तसेच राहते. मुलाम्यावर मात्र ही चाचणी फसते, कारण रस पोलादापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून थेंब मुलामा नसलेल्या जागीच ठेवायचा. नंतर पाण्याने पुसून, कोरडे करून तेल लावा. कोरलेल्या नक्षीवर किंवा सोनेरी अक्षरांवर हा प्रयोग कधीही करू नका. आणि वस्तू दुसऱ्याची असेल तर विचारल्याशिवाय तर नाहीच.

स्वच्छतेसाठी स्पिरिटचा कापसाचा बोळा फक्त पात्यावर फिरवा. वस्तरा उकळू नका, मूठ जाईल.

स्टेनलेस म्हणजे सरस असे नाही

हे मला तात्यांनी समजावले. मी त्यांना म्हटले, “मग सगळ्यांनी स्टेनलेसच का नाही वापरला?”

“पाजवताना जीव जातोय की. साधा वस्तरा दगडावर पटकन धरतोय. हा धरतोय उशिरा. गिऱ्हाईक बसून राहतंय.”

यामागे कारण आहे. स्टेनलेसमधले क्रोमियम कार्बनशी मिळून फार कठीण कण बनवते. ते निसण्याला सहज दाद देत नाहीत. सुरुवातीच्या स्टेनलेसमध्ये तर कार्बनच कमी असे, आणि ते योग्य तेवढे कठीण करण्याचे तंत्रही हाती यायचे होते. शेफील्डचे कारागीर या सुऱ्यांची थट्टा करत, की गंजत नाहीत पण कापतही नाहीत. पुढे पोलाद सुधारले. म्हणून आजोबांकडे दोन्ही प्रकार असावेत, असे मला आता वाटते. रोजच्या कामाला कार्बनचा आणि पावसाळ्यात हाताशी एक न गंजणारा.

दुरुस्ती

माझ्याकडचा वस्तरा झोलिंगेनचा आहे, कार्बन पोलादाचा आहे आणि त्यावर निकलचा मुलामा आहे. विक्रेत्याने दिलेल्या सालाला शिक्क्याचा कुठलाही आधार नाही. मी ती चिठ्ठी काढली आणि नवी लिहिली : “वस्तरा. झोलिंगेन, जर्मनी. कार्बन पोलाद, निकलचा मुलामा. ऑनलाइन खरेदी. या धोकटीतला नव्हे.” ज्यांच्याकडे जुन्या चिठ्ठीचा फोटो आहे त्यांनी तो कृपया पुढे पाठवू नये.

शेवटचे वाक्य लिहायला मला सर्वांत जड गेले, पण तेच सर्वांत गरजेचे होते. संग्रहातल्या नोंदीत वस्तूवर जे दिसते ते, आपण ऐकले ते आणि विक्रेत्याने सांगितले ते, या तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात. एकदा त्या मिसळल्या की पुढच्या पिढीला सोडवता येत नाहीत.

आजोबांच्या धोकटीतली वस्तऱ्याची जागा सध्या मी रिकामी ठेवली आहे. जोडीच्या चित्राचा आणि ‘इनॉक्स’ शिक्क्याचा एखादा वस्तरा पुढेमागे मिळेलही. तो मिळाला तरी धोकटीत जाणार नाही, शेजारी राहील. बेळगाव, शहापूर, खानापूर भागात कुणाच्या घरी जुन्या न्हाव्याचे सामान असेल, तर घासूनपुसून चकाकवण्याआधी टँगच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा आणि मंडळाला दाखवा. तात्या अजून रविवारी सकाळी बैठकीला येतात, चष्मा वर करून बघतात, आणि चुकीचे असेल तर तोंडावर सांगतात.